ताईंचा सत्कार जरूर करा, पण पोरांना स्टेजवर आणू नका

सत्कार समितीचे अध्यक्ष, सगळे सदस्य, आणि त्या दिवशी स्टेजवर बसणारे सगळे साहेब आणि मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार.

संकटातल्या पोरांसाठी राबणाऱ्या आपल्या ताई महिनाअखेरीला काम सोडून जाणार म्हणून तुम्ही त्यांचा सत्कार ठेवलाय, आणि त्यात त्यांनी वाचवलेल्या पोरांनाच स्टेजवर आणताय. हे पत्र उघडं लिहितोय कारण आधी साधं लिहून समितीतल्या एका सदस्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, "बघूया, वरती बोलतो" म्हणाले आणि पुढं काहीच झालं नाही, उलट फ्लेक्सचं डिझाइन फायनल झाल्याचं कानावर आलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो. समितीचं नाव, ऑफिसचं नाव, ताईंचं नाव यातलं काहीच इथं घालणार नाही. ताई ज्या पोरांसाठी राबल्या त्यांची नावं बाहेर फुटू नयेत म्हणून त्यांनी एवढी वर्षं जिवाचं रान केलं, आणि आपल्या गावात एका नावावरनं दुसरं नाव काढायला लोकांना वेळ लागत नाही. ज्यांना उद्देशून आहे त्यांना कळेलच.

माझी ओळख एवढीच की कोर्टाजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. ताईंशी नातंगोतं नाही, मी कुठल्या संस्थेत नाही की पक्षात नाही. पण कोर्टात येणारा माणूस आत जाताना आणि बाहेर येताना कसा असतो हे झेरॉक्सवाल्याला जेवढं दिसतं तेवढं कुणाला दिसत नसावं, कारण कागद राहिला म्हणून तो आमच्याकडे पळत येतो आणि निकाल लागला की कॉपी काढायलाही आमच्याकडेच येतो. या सगळ्या गर्दीत ताईंना मी वर्षानुवर्षं बघतोय.

पोक्सो, म्हणजे पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 ला लागू झाला, ताई त्याच्याही आधीपासनं या कामात आहेत. तेव्हा 1098 या पोरांसाठीच्या हेल्पलाइनचा फोन वाजला की एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या खोपटात जिथं असेल तिथं जायचं आणि पोराला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं (संकटातल्या पोरांबाबत निर्णय घेणारी सरकारी समिती) हजर करायचं, हे त्यांचं काम होतं. पुढं त्या पोक्सोच्या केसमध्ये सपोर्ट पर्सन म्हणून पोरांबरोबर कोर्टात यायला लागल्या. सपोर्ट पर्सन म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. 2020 च्या पोक्सो नियमांप्रमाणं बालकल्याण समिती पोराच्या आणि पालकांच्या संमतीनं एक माणूस नेमून देते, जो तपासापासनं निकालापर्यंत त्या पोराबरोबर राहतो, तारीख कधी आहे ते सांगतो, दवाखान्यात, पोलिसात, कोर्टात बरोबर जातो, नुकसानभरपाईचा अर्ज कुठं करायचा ते दाखवतो. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानंही बजावलंय की सपोर्ट पर्सन ही मर्जीनं द्यायची किंवा न द्यायची गोष्ट नाही. कागदावर हे चार ओळीत मावतं. प्रत्यक्षात ते काय असतं ते मी पाहिलंय.

ताई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांनी काउंटरला पाठ लावून मशीनपाशी उभं राहू देता का असं विचारलं. मागं माणसं ताटकळत होती, मी म्हटलं राहा. पर्समधनं त्यांनी कागदाची एक पट्टी काढली, आधीच मापात कापून आणलेली, आणि मुलीच्या नावावर, गावावर आणि शाळेच्या नावावर ती ठेवून मग कॉपी काढायला लावली, कारण ती कॉपी फीची मदत करणाऱ्या कुणाला तरी द्यायची होती. एक कॉपी काळी आली. मी ती नेहमीसारखी खालच्या रद्दीत टाकली तर त्यांनी वाकून ती उचलली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. मग विचारलं, "भाऊ, या मशीनमध्ये स्कॅन शिल्लक राहतो का?" तोपर्यंत मला असं कुणी विचारलं नव्हतं, वकिलांनी नाही, पोलिसांनी नाही. मेमरीत राहतो म्हणून सांगितलं, तर माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी तो डिलीट करून घेतला. सगळं गाव प्रिंटसाठी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतं, पण ताईंनी एकही कागद मला कधी व्हॉट्सअॅपवर पाठवला नाही, भर पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फाइल घेऊन यायच्या. तेव्हापासनं असल्या केसचा कुठलाही कागद माझ्याकडे आला तर मी तसंच करतो. हे मी त्यांच्याकडनं शिकलोय.

आणि माझा स्वतःचा संबंधही सांगतो. आमच्या भागात एक लहान पोर होतं. मुलगा की मुलगी, किती वर्षांचं, कुठली गल्ली, काही सांगणार नाही. घरातली मोठी माणसं दिवसदिवस बाहेरनं कडी घालून जायची, पोराच्या पोटात काही नसायचं आणि रात्री मारायचा आवाज यायचा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या घरात कोण पडणार. मी 1098 ला फोन केला. ताई आल्या, पण जीप घेऊन, चार पोलिस घेऊन नाही, चालत आल्या. शेजारच्या घरात पाणी मागितलं, दारात बसल्या, परत दोन दिवसांनी आल्या, परत आल्या. पोराला उचलून बालगृहात टाकलं असतं तर काम एका दिवसात मिटलं असतं. त्यांनी पोराची आजी शोधून काढली, आजीला तयार केलं, बालकल्याण समितीपुढं नेलं आणि बालसंगोपन योजनेतनं तिला महिन्याचे पैसे सुरू करून दिले. घर सापडत असेल तर संस्था शेवटी, असं बाल न्याय कायदाच म्हणतो, पण घर शोधायला पायपीट लागते आणि ती ताईंनी केली. ते पोर आज शाळेत जातं. मला कधी रस्त्यात दिसतं, मी ओळख दाखवत नाही, कारण ताईंनी तसंच सांगितलंय.

आता तुमच्या कार्यक्रमाकडे येतो.

तुमच्या पत्रिकेचा मजकूर टायपिंगला माझ्याच दुकानात आला होता. त्यात स्वागत, दीपप्रज्वलन, मान्यवरांची भाषणं याच्याखाली एक ओळ आहे की ताईंनी वाचवलेल्या मुलामुलींच्या हस्ते सत्कार आणि त्यानंतर त्या मुलामुलींचं मनोगत. फ्लेक्ससाठी दिलेला फोटो एका सहलीतला आहे, ताई मधे आणि भोवती शाळेच्या ड्रेसमधली पोरं, चेहरे स्पष्ट. मी ती ओळ टाइप केली नाही आणि फोटोही लावला नाही, काम परत केलं. ते दुसरीकडनं करून घेतलंत, तो तुमचा हक्क आहे. पण कायदा काय म्हणतो ते ऐकून घ्या. बाल न्याय कायदा 2015, कलम 74: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट, फोटोसकट, कुठल्याही माध्यमात द्यायची नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोक्सोचं कलम 23 तर आणखी कडक आहे, तिथं सहा महिन्यांपासनं वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही सांगितलंय. दसरा चौकात लावलेला फ्लेक्स हे माध्यमच झालं की हो. शाळेचा ड्रेस दिसला की शाळा कळते, शाळा कळली की गाव कळतं. चेहरा पुसून टाकतो म्हणालात तरी उपयोग नाही, आईबापाला आणि गल्लीला पोराची उभं राहायची ढबसुद्धा ओळखू येते.

आणि कायदा बाजूला ठेवून माणूस म्हणून विचार करा. आपल्याकडे पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा आली की अख्खं गाव जागं होतं, 1996 साली उघडकीला आलेलं बालहत्याकांड कोल्हापूर अजून विसरलेलं नाही, त्यामुळं ते होणारच. पण केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 साली एक अहवाल काढला, 13 राज्यांतल्या 12 हजारांवर मुलांशी बोलून, त्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे 53 टक्के मुलांनी सांगितलं की आपल्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारे लैंगिक अत्याचार झाला, आणि त्यातले निम्मे अत्याचार करणारे ओळखीचे किंवा पोराचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे होते. म्हणजे काका, शेजारी, शिकवणीचा मास्तर, घरी येणारजाणारा. असला माणूस तुमच्या कार्यक्रमाला येणार नाही याची खात्री कोण देणार? तो किंवा त्याचा भाऊ तिसऱ्या रांगेत बसलेला असला आणि पोर स्टेजवर माइक धरून उभं असलं तर? केस अजून चालू असली तर? पोराची साक्ष पुन्हा पुन्हा घेऊ नका, त्याला वारंवार कोर्टात बोलवू नका असं पोक्सोचं कलम 33 न्यायाधीशांना सांगतं. जे कोर्टाला मना आहे ते आपण टाळ्यांसाठी करायचं का?

"मुलांच्या संमतीनं करतोय" असं मला सांगण्यात आलं. साहेब, ताईंच्या कार्यक्रमाला ती पोरं नाही कशी म्हणतील? ताईंसाठी ती पोरं काहीही करतील. म्हणूनच त्यांना विचारायचं नसतं. जी आता मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन सासरी गेली, त्यांच्या सासरी कदाचित काहीच माहीत नसेल. त्यांनाही फोन गेलेत असं ऐकतो. एकीनं दुकानात येऊन विचारलं, "काका, नाही गेलं तर मावशींना वाईट वाटेल का?" पोरं ताईंना मावशी म्हणतात. तिला मी काय सांगायचं ते सांगितलं, पण असा प्रश्न तिच्यावर यायलाच नको होता.

हे झालं सत्काराचं. पण हे पत्र लिहायला बसलो ते फक्त त्यासाठी नाही. ताई महिनाअखेरीला जाणार आणि त्यांच्या जागी कुणीच येणार नाही. हा निर्णय ज्यांच्या सहीनं झाला ते साहेब तुमच्या पत्रिकेत प्रमुख पाहुणे आहेत. ताईंच्या केसेसचा चार्ज अशा एका कर्मचाऱ्यांकडे दिलाय ज्यांच्याकडे आधीच दोन कामं आहेत. त्या कर्मचाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांचीही ओढाताणच होणार. पण चार्ज म्हणजे कपाटाची चावी आणि फाइलींची यादी, एवढंच हस्तांतर होतं. पोराचा विश्वास यादीत लिहून देता येत नाही.

एक साक्षीचा दिवस कसा असतो ते सांगतो. समजा पोर कोर्टापासनं लांबच्या गावातलं आहे. आईची दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं लागणार, पोराला शाळा बुडवून यावं लागणार. ताई त्यांना शक्य झालं तर एक दिवस आधी आणायच्या आणि कोर्टाचं काम उठल्यावर परवानगी काढून रिकामं कोर्ट दाखवायच्या, हे साहेब इथं बसतात, तू इथं उभी राहायचीस, उत्तर आठवलं नाही तर आठवत नाही म्हणायचं, पाणी मागायचं, दमलीस तर सांगायचं. दुसऱ्या दिवशी गेटपासनं त्या पोराच्या आणि आरोपीच्या नातेवाइकांच्या मधनं चालायच्या, अशा की पोराला पलीकडचं कुणी दिसू नये. साक्ष देताना आरोपी पोराच्या नजरेला पडता कामा नये असं कलम 36 आहे, वकिलानं प्रश्न थेट पोराला न विचारता न्यायाधीशांकडे द्यायचे असंही कायद्यात आहे, पडदा आहे, व्हिडिओ आहे, सगळं आहे. पण गेटपासनं पडद्यापर्यंत हात धरून न्यायला माणूसच लागतं. पर्समध्ये राजगिऱ्याची वडी आणि रंगीत खडूंचा डबा असायचा. पुकारा व्हायला दुपार झाली तर पोर बाकावर बसून चित्र काढत राहायचं आणि ताई आईशी बोलत राहायच्या, कारण पोरापेक्षा आईच जास्त घाबरलेली असते. शेवटची एसटी किती वाजता हे त्यांना कंडक्टरपेक्षा पक्कं पाठ होतं. आणि तारीख पुढं गेली की हे सगळं परत पहिल्यापासनं.

साक्षीदार फितूर झाला, केस सुटली असं आपण पेपरात वाचतो आणि पोरीनंच जबाब फिरवला म्हणून मोकळे होतो. जबाब कसा फिरतो हे ताईंना विचारा. दोन तारखांच्या मधे जे चार-सहा महिने जातात ना, त्यात फिरतो. पाहुणे येऊन बसतात, गावची अब्रू काढतात, पैसे दाखवतात, पोरीचं लग्न कसं जमणार म्हणून आईला रडवतात. त्या चार-सहा महिन्यांत महिन्यातनं एकदा जरी कुणी दारात जाऊन "काय चाललंय" विचारलं तर ते घर तग धरतं. ताई जायच्या. कलम 35 म्हणतं की पोराची साक्ष कोर्टानं दखल घेतल्यापासनं 30 दिवसांत व्हावी आणि खटला होता होईल तो वर्षात संपावा. पण तारखा लांबतातच, आणि मधला हा काळ कोरडा जातो कारण फोन करायला माणूस नसतं. त्यात तुम्ही होतं तेही माणूस काढून घेताय.

पैशाचंही सांगतो, पण थोडक्यात. ताई मानधनावर आहेत, अकरा महिन्यांचा करार, मग परत नवा करार, असं करत करत आयुष्य गेलं. पेन्शन नाही. प्रवासाची बिलं अडकलेली आहेत, त्यांच्या कॉप्या माझ्याच दुकानात काढल्यात म्हणून मला माहीत आहे, आणि ती बिलं एसटीच्या तिकिटांची आहेत, गाड्यांची नाहीत. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. कुरकुर केली ती पोरांच्या पैशांसाठी. बालसंगोपनचे महिन्याला 2250 रुपये वेळेत आले नाहीत तर आजीनं पोराला दूध कुठनं पाजायचं, अत्याचार झालेल्यांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेतला अर्ज एका दाखल्यासाठी अडून राहिला तर औषधपाणी कुठनं, यासाठी मात्र त्या ऑफिसात जाऊन तासन्‌तास बसायच्या. उठून जा म्हटलं तरी उठायच्या नाहीत.

आणि 18 पूर्ण झालेली पोरं. कायद्यात 21 वर्षांपर्यंत त्यांना आधार द्यायची तरतूद आहे, कलम 46. बालगृहातनं बाहेर पडलेल्या पोराला भाड्यानं खोली कोण देतं? आधार कार्डवर संस्थेचा पत्ता, जामीन राहायला कुणी नाही. ताई स्वतः घरमालकाकडे जाऊन बसायच्या. त्यांच्यामागं हे कोण बघणार याचा तुमच्या ऑर्डरीत एक शब्द नाही.

तुमच्या पत्रिकेच्या वर शाहू महाराजांचा फोटो आहे, असायलाच पाहिजे, आपल्या गावात कुठलंही काम त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. पण महाराजांनी पोरांसाठी काय केलं ते आठवा. 1917 साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागनं एक वसतिगृहं उभी राहिली, त्यांना जागा दिल्या, उत्पन्न लावून दिलं, म्हणजे महाराज गेले तरी पोरांची सोय बंद पडणार नाही. 1920 साली जोगतिणी-मुरळ्यांची प्रथा कायद्यानं बंद केली, देवाच्या नावानं पोरी सोडायच्या थांबाव्यात म्हणून. त्यांचा फोटो लावून कार्यक्रम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पोरांचं एकमेव माणूस त्याच्या जागी कुणी न नेमता घरी पाठवायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

कोल्हापूरला जमत नाही असंही नाही. हायकोर्टाच्या बेंचसाठी इथल्या वकिलांनी चाळीसेक वर्षं लढा दिला, गाव त्यांच्या पाठीशी उभं राहिलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. आता अपिलासाठी मुंबईची गाडी पकडायला लागत नाही. पण अपील वर टिकायला खालच्या कोर्टात पोराची साक्ष नीट झालेली लागते, आणि ती नीट व्हावी म्हणून जे माणूस राबतं त्याच्या जागेसाठी मी आज तुमच्यापुढं हात जोडतोय.

माझं मागणं असं आहे.

पत्रिकेतली मुलांची ओळ काढा आणि फ्लेक्सवरचा फोटो बदला, एकट्या ताईंचा लावा. लागलेले फ्लेक्स आजच उतरवा आणि ग्रुपवर फिरणारं डिझाइन डिलीट करायला सांगा. नवीन डिझाइन आणि पत्रिका मी एक रुपया न घेता करून देतो. ज्या ज्या पोरांना आणि मोठ्या झालेल्यांना फोन गेलेत त्यांना परत फोन करून सांगा की यायची गरज नाही, आणि हा फोन ताईंच्या मार्फतच करा, दुसऱ्या कुणाकडे त्यांचे नंबर ठेवू नका. पोरांना ताईंना भेटायचंच असेल तर ती आणि ताई कधी, कुठं भेटायचं ते आपसात ठरवतील, तिथं कॅमेरा नको.

ताईंच्या जागी पूर्णवेळ माणूस नेमल्याची ऑर्डर त्या जायच्या आत काढा. कार्यक्रमात जाहीर केलीत तर सगळ्यात मोठी टाळी त्याला पडेल. भरतीला वेळ लागणार असेल तर तोवर ताईंनाच त्यांची तयारी असेल तर मुदतवाढ द्या, पण मानधन वेळेवर देऊन. आणि नवीन माणसाला त्यांनी प्रत्येक पोराच्या घरी स्वतः नेऊन ओळख करून द्यावी, त्यासाठी तीन महिने तरी दोघी बरोबर काम करतील अशी सोय करा. पोर किंवा पालक नवीन माणसाला नको म्हणाले तर ते ऐकून घ्या, संमती हा त्यांचा कायद्यातला हक्क आहे.

प्रवासाची सगळी अडकलेली बिलं त्या जायच्या आधी चुकती करा. हॉलचं भाडं, हार, जेवण, हुपरीची चांदी याला जो खर्च धरलाय त्यातला काही भाग साक्षीला येणाऱ्या पोरांच्या एसटी भाड्याला आणि दुपारच्या जेवणाला वेगळा काढून ठेवलात तर ताईंना चांदीपेक्षा त्याचा आनंद होईल, हे मी त्यांना ओळखतो म्हणून सांगतो. सक्ती नाही, सूचना आहे.

बालसंगोपन आणि मनोधैर्यचे त्यांच्याकडचे जे अर्ज पडून आहेत त्यांची यादी करून कुठला कशासाठी थांबलाय ते संबंधित घरांना लेखी कळवा. आणि 18 पूर्ण झालेल्यांसाठी कुणाला फोन करायचा ते एक नाव आणि एक नंबर ठरवून द्या.

ताईंनी मला हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही, त्यांना माहीतही नाही. कळल्यावर कदाचित माझ्यावर रागावतील, त्याला माझी तयारी आहे. त्यांना याचा जाब विचारू नका, जे काही विचारायचं ते मला विचारा, मी दिवसभर दुकानातच असतो. सत्काराच्या दिवशी मीही येणार आहे आणि ताईंचं नाव पुकारलं की सगळ्यांच्या आधी उभा राहून टाळ्या वाजवणार आहे, कारण या जिल्ह्यातल्या किती घरांना त्यांनी आधार दिलाय ते मी फाइलींच्या जाडीवरनं बघितलंय.

पण त्याच्या आधी या पत्राचं उत्तर द्या. तोंडी नको, लेखी द्या, आणि त्यात नवीन नेमणुकीची तारीख लिहा.

आपला,
कोर्टाजवळचा झेरॉक्सवाला
कोल्हापूर